मागे सर आहेत

मी लेखक नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवायची आणि विचारायचं, "आता दिसतंय? हे बरं की आधीचं बरं?" हाच माझा धंदा. दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही, असं मानून मी इतकी वर्षं जगलो.

म्हणून आधीच सांगून टाकतो. खाली जे लिहिलंय ते माझ्या आणि माझ्या बायकोच्या बाबतीत घडलंय. पदरचं काही घातलेलं नाही. भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही दिवसाढवळ्या घडली. सुट्टीचा दिवस होता, लख्ख ऊन होतं, डोंगरातली जुनी पायवाट होती आणि आजूबाजूला चांगली शिकलेली माणसं होती.

आणि अजून एक.

मी वळून बघितलं होतं.

कोणी काहीही म्हणो. मी बघितलं होतं.

माझी बायको भूगर्भशास्त्र शिकली. मोठ्या इमारती उभ्या राहायच्या आधी जमीन तपासायचं काम ती करते. खोल खड्डा खणून घ्यायचा, खालची दगड-माती वर काढायची आणि ही जागा किती वजन पेलेल ते सांगायचं. घरात एका माणसाचं नाव दिवसातून एकदा तरी निघायचंच. सरांचं. "सर म्हणायचे..." असं तिने सुरू केलं की आमची मुलगी आणि मी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचो. सासूबाईंना मी एकदा म्हणालोही होतो, "तुमच्या लेकीला सासरे दोन आहेत. एक माझे वडील आणि एक तिचे सर."

सर विद्यापीठात शिकवायचे. वर्गात कमी, डोंगरात जास्त. आणि त्यांची एक पद्धत होती. ती नीट सांगतो, कारण सगळं त्या पद्धतीमुळेच झालं.

डोंगर चढताना सगळी मुलं एका रांगेत. सर सगळ्यात शेवटी. कधीच पुढे नाही. वाट मुलांनी शोधायची, दगड मुलांनी ओळखायचा, चुकायचं तेही मुलांनीच. सर मागून चालायचे आणि हातातली छोटी हातोडी मधूनमधून एखाद्या दगडावर वाजवायचे.

टक... टक.

याचा अर्थ, मी मागे आहे, सगळं ठीक आहे, चला पुढे. आवाज बंद झाला तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. आणि मागे वळून बघायचं नाही. कोणी वळलंच तर सर म्हणायचे, "मागे काय आहे? मागे मी आहे. तू समोरचा दगड बघ."

हे वाक्य त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हाडीमासी भिनलं होतं. आमच्या लग्नात बायको स्टेजवर जाताना अडखळली, तेव्हा मागून सरांनी खुर्चीवर बोटांनी टकटक केलं होतं. ती हसली आणि सरळ चढली.

तर, सरांची तब्येत अलीकडे बरी नसायची. गुडघे कुरकुरायला लागले होते, कानही थोडे मंद झाले होते. बायको त्यांना भेटून आली आणि म्हणाली, "एकदा सगळे मिळून सरांना त्या जुन्या खाणीवर नेऊ या. नुसतं घरात बसून वाळत चाललेत ते."

कल्पना तिची. हे ती कधीच विसरली नाही.

तिच्या बॅचमधला लंबू, आता खाणींचा मोठा अधिकारी, त्याने सगळ्यांना गोळा केलं. छोटी बस ठरवली. बॅचमधली बडबडी आली. ती आता शाळेत शिकवते आणि वर्गाबाहेरही थांबत नाही. बाकीचेही आले. नवरे-बायका मात्र कोणाचेच आले नाहीत. मी तेवढा गेलो, सामान उचलायला.

"जावईबापू!" सरांनी बसमध्ये चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. अंगात मळखाऊ जाकीट, डोक्यावर नेहमीची रुंद काठाची टोपी. "तुमच्या दुकानातून दूरचं बघायचा चष्मा आणलाय ना? ही पोरं जवळचंच बघतात."

चढण सोपी होती. सर शेवटी, त्यांच्या पुढे मी, माझ्या पुढे बायको. मी सवयीने सारखा मागे वळून बघायचो, हे म्हातारे गृहस्थ ठीक आहेत ना म्हणून. तिसऱ्यांदा वळलो तेव्हा सरांनी हातोडी उगारली. "जावईबापू, मान लचकेल. पुढे बघा."

सगळे हसले. एकानेही वळून बघितलं नाही, पण हसले सगळे.

वर जुनी दगडाची खाण. केव्हाच बंद पडलेली. डोंगराला मोठा चौकोनी घास घेतल्यासारखी दिसत होती. तिथे बसून आम्ही खाल्लं, थर्मासमधली कॉफी प्यायलो. सर त्या उभ्या कड्यावरचे थर दाखवत होते आणि ही पोक्त माणसं शाळकरी पोरांसारखी उत्तरं द्यायला धडपडत होती. बायकोचं एक उत्तर बरोबर आलं. तिचा चेहरा असा उजळला की मला हेवा वाटला. मी आजवर तिला इतका आनंद दिला नव्हता.

ऊन कलायला लागल्यावर आवराआवर झाली. सर उठले आणि एका मोठ्या खडकाकडे बोट करून म्हणाले, "मी जरा आडोशाला जाऊन आलो. तुम्ही निघा. मी आहे मागे."

आम्ही रांग धरली आणि निघालो.

थोडं उतरलो असू...

टक... टक.

"आले सर," बडबडी पुढून म्हणाली. लंबूने पाय उचलले.

यावेळी मी वळलो नाही. मघाशी सगळ्यांसमोर दटावून घेतलं होतं. उगाच कशाला पुन्हा.

वाट झाडीत शिरली. टक... टक. आवाज एकदम नियमित. म्हातारा मघापेक्षा चांगला चालतोय, असं मला वाटलं. चढताना ते मध्येच दम खायचे. आता नाही. आमच्याइतक्याच वेगाने तो आवाज मागून येत होता.

एका वळणावर बायको किंचित थबकली. तिने मान तिरकी केली, कोणीतरी बोलल्यासारखी.

"काय गं?"

"काही नाही. वाटलं..."

टक... टक.

"काही नाही," ती म्हणाली आणि चालू लागली.

मग पुढे एका ठिकाणी...

आवाज थांबला.

आणि रांग थांबली. सगळी. एकाच वेळी. कोणाचा पाय अर्धा उचललेला, कोणाचा हात झाडाला. पाखरंसुद्धा गप्प होती. मी बायकोच्या पाठीवर जवळजवळ आदळलो.

"मागे सगळं ठीक?" लंबू ओरडला. समोर बघूनच.

मागून उत्तर आलं नाही.

एकही जण वळेना. मोठी मोठी माणसं, कोणी साहेब, कोणी मॅडम, पण मान वळवायची हिंमत कोणात नव्हती. शेवटी बायको समोर बघतच मला म्हणाली, "अरे, तू बघ ना. तुला काय, तू आमच्यातला नाहीस."

मी वळलो.

मागच्या वळणावर, झाडाच्या सावलीत, सर उभे होते. डोक्यावर त्यांची ती रुंद काठाची टोपी. अंगात तेच मळखाऊ जाकीट. चेहरा टोपीखाली अंधारात. हातोडी धरलेला हात त्यांनी वर केला आणि दोनदा पुढे हलवला. चला, चला.

मला इतकं बरं वाटलं. मी हात हलवला.

"आहेत सर," मी म्हणालो. "चला म्हणतायत."

मागून लगेच आवाज आला. टक... टक. रांग निघाली.

बसपर्यंत तो आवाज आमच्या मागे होता. आम्ही एकेक करून चढलो. सरांची सीट दारापाशी मोकळी ठेवली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. बसच्या मागच्या पत्र्यावर हलकेच वाजलं...

टक... टक.

"या सर!" लंबूने दार धरून ठेवलं.

कोणी चढलं नाही.

लंबू खाली उतरला. बसच्या मागे जाऊन आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मागे कोणी नाही," तो म्हणाला.

त्यानंतरचं सगळं मला सलग आठवत नाही. हाका मारत आम्ही उलटे धावलो. त्या वळणावर कोणी नव्हतं. झाडीत कोणी नव्हतं. वर पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता आणि आकाशात नुसता उजेड उरला होता. सर त्या खडकाच्या मागेच होते. पाय घसरून खाली कपारीत पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. श्वास थांबला होता, पण अंग अजून गार पडलं नव्हतं.

हातोडी त्यांच्या कमरेच्या चामडी पिशवीत होती. वरचं बटण लावलेलं.

म्हणजे ते तिथून निघालेच नव्हते. एक पाऊलही.

इस्पितळातल्या डॉक्टरने शांतपणे सांगितलं, "पडल्याबरोबर गेलेले नाहीत ते. ऊन उतरेपर्यंत तरी असतील. शुद्धीत असतील. हाकही मारली असेल."

बायकोने भिंतीला हात लावला.

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "त्या वळणावर. कोणीतरी हाक मारल्यासारखं. पण हातोडी वाजत होती. म्हणून मी थांबले नाही."

पोलीस आले, त्यांनी साधे प्रश्न विचारले. शेवटचं कोणी बघितलं? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जे दिसलं ते सांगितलं. सावलीत उभे होते, जाकीट होतं, टोपी होती, हात हलवला.

"टोपी?" बायकोने विचारलं.

"हो. त्यांची नेहमीची."

माझ्या पाठीवरची बॅग तिने काढून घेतली. खालचा कप्पा उघडला. आत, खाऊच्या रिकाम्या डब्याशेजारी, घडी घातलेली सरांची टोपी होती. निघताना ती दगडावर राहिलेली तिला दिसली होती. तिनेच ती माझ्या बॅगेत टाकली होती. मला सांगायचं राहून गेलं.

बस झालं. त्या क्षणी सगळ्यांना कळलं की मी खोटं बोलतोय. मान वळवायचा आळस केला, "आहेत सर" म्हणून मोकळा झालो, आणि आता अंगाशी आल्यावर नेहमीच्या टोपीसकट सर रंगवून सांगतोय. लोक तरी मला दुसरं काय समजणार? तिकडे एक म्हातारा माणूस हाका मारत पडला होता आणि इकडे माझ्या शब्दावर सगळे निघून आले होते.

लंबूने माझ्याशी बोलणं टाकलं. बडबडी, जी शत्रूशीही तासभर बोलेल, ती मला रस्त्यात बघून पलीकडच्या फुटपाथवर गेली. "चष्मेवाला, आणि त्यालाच दिसलं नाही," हे वाक्य फिरत फिरत माझ्या दुकानापर्यंत आलं.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. कपड्यांच्या घड्या घालताना, भांडी पुसताना, मध्येच विचारायची.

"खरंच वळला होतास?"

"खरंच."

"बरं."

आणि घडी घालायला लागायची. मला तिचं गणित कळत होतं. मी बघितलं असेल, तर जे झालं ते आमच्या कोणाच्या हातातलं नव्हतं. मी बघितलं नसेल, तर सरांना आम्ही दोघांनी मारलं. तिने सहल काढली, तिने हाक ऐकून सोडून दिली आणि वळायला सांगितलं तेही एका खोटारड्याला. ती रोज थोडी थोडी खंगत होती. घरात "सर म्हणायचे" हे शब्द बंद झाले. मुलगी एकदा चुकून म्हणाली आणि आईचं तोंड बघून पानावरून उठून गेली.

मी शपथेवर सांगत होतो ते खरं होतं, आणि तरी मलाच अपराधी वाटत होतं. कारण एक गोष्ट मला छळायची. सर त्या वेळी जिवंत होते. मग मला दिसलं ते त्यांचं भूतही नव्हतं.

मग कोण होतं?

काही महिन्यांनी विद्यापीठात सरांची स्मृतिसभा झाली. त्यांच्याच जुन्या वर्गात. पायऱ्यापायऱ्यांचा वर्ग, खाली फळा आणि टेबल, दार फळ्याशेजारी एकच. सगळ्यात वरच्या ओळीमागे नुसती भिंत. बाजूच्या काचेच्या कपाटांत दगडांचे नमुने, प्रत्येकावर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. कितीतरी बॅचेसची माणसं आली होती. मी चोरासारखा शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून बसलो. बायको माझ्या पुढच्या ओळीत.

टेबलापाशी, वर्गाकडे तोंड करून, सरांची मुलगी बसली होती. ती परगावी असते. शांत बाई, बोलणं वडिलांसारखंच तोलून मापून.

एकेक जण उठून बोलत होता. पिकलेल्या मिशांचे एक गृहस्थ म्हणाले, "मी दोनदा नापास झालेला पोरगा. सरांनी मला रांगेच्या पुढे उभं केलं. म्हणाले, वाट तू काढ. मी अर्धा दिवस सगळ्यांना चुकीच्या डोंगरावर फिरवलं. सर एक शब्द बोलले नाहीत. नुसती मागून हातोडी. संध्याकाळी वाट सापडली तेव्हा म्हणाले, सापडली ना? त्यानंतर मी आयुष्यात कुठे घाबरलो नाही." ते खाली बसले आणि रुमालाने बराच वेळ नाक पुसत राहिले.

बडबडीसुद्धा बोलली. तिला उंचीची भीती होती. कड्यावर रडत बसली तेव्हा सर दोन पावलं मागे येऊन बसले, आणि हातोडीने हळू हळू टकटक करत राहिले, ती उठेपर्यंत. बडबडी तिथेच थांबली. पुढे तिला बोलता येईना.

त्या शेवटच्या सहलीचं नाव कोणी काढलं नाही. सगळ्यांनी त्या जागेला वळसा घातला.

मग सरांच्या मुलीने माझ्या बायकोचं नाव घेतलं.

ती उभी राहिली. हात बाकाच्या कडेवर. मग म्हणाली, "सहलीची कल्पना माझी होती."

तिने बाकाची कड घट्ट धरली.

"त्यांनी हाक मारली होती. मी ऐकली. मी..."

आणि माझ्या मागे...

टक... टक.

माझ्या मागे भिंत होती. माझी पाठ तिला टेकलेली होती. तरी तो आवाज माझ्या मागून आला.

वर्गातल्या प्रत्येकाने तो ऐकला. मला खात्री आहे, कारण सगळ्यांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. आणि एकानेही मागे वळून बघितलं नाही. सगळे समोर बघत राहिले, फळ्याकडे.

वर्गाकडे तोंड करून फक्त एकच माणूस बसलं होतं. सरांची मुलगी.

ती माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी बघत होती. आधी तिचा चेहरा मऊ झाला. अर्धवट हसलीसुद्धा. उठायला लागली.

मग ते हसू गेलं. ती हळूच परत बसली. टेबलावरचं पाणी घेताना तिचा ग्लास दातांवर वाजत होता.

सभा कशीबशी आटोपली. मंडळी बाहेर पडताना दबक्या आवाजात एकमेकांना म्हणत होती, "सर येऊन गेले." रडत होती, आणि हसतही होती. मी दगडांच्या कपाटापाशी उभा होतो. सरांची मुलगी सरळ माझ्याकडे आली.

"त्या दिवशी तुम्ही वळून बघितलं होतं," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी हे माझ्याशी असं बोललं.

"हो."

"चेहरा दिसला होता?"

"नाही. सावली होती."

"मला आज दिसला." तिने आजूबाजूला बघितलं. "टोपी बाबांची होती. टोपी माझ्या घरी कपाटात आहे, पण ती त्यांचीच होती. उभं राहणं त्यांचं. मान तशीच वाकडी. पण ते बाबा नव्हते."

"मग कोण होतं?"

"मला माहीत नाही. पण ते तुमच्याकडे बघत नव्हतं. तुमच्या बायकोकडे बघत होतं."

ती जायला वळली, मग पुन्हा म्हणाली, "लोकांना काही सांगू नका. माझ्या बाबांची आठवण म्हणून हे उरायला नको."

बाहेर रस्त्यावर बायको माझी वाट बघत उभी होती. दुकानांचे दिवे लागत होते.

"काय म्हणाली ती?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. हनुवटी हलत होती. तिला फक्त एक शब्द हवा होता.

"तिला दिसले," मी म्हणालो.

"म्हणजे तू खरंच बघितलं होतंस."

"हो."

"आणि ते सर होते."

पहिला "हो" खरा होता. दुसरा म्हणायला मला वेळ लागला. पण म्हणालो.

"हो. हसत होते म्हणाली."

भर रस्त्यात ती माझ्या गळ्यात पडून रडली. "मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही," म्हणत राहिली. माफी मागत राहिली. ती, माझी. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होतो आणि मला स्वतःचीच किळस येत होती.

त्यानंतर घर पुन्हा घरासारखं झालं. ती जेवायला लागली, झोपायला लागली. लंबू दुकानात येऊन माझे हात धरून "चुकलो रे" म्हणाला. बडबडीने फोनवर माझा कान खाल्ला. "सर म्हणायचे" परत सुरू झालं.

फक्त ती आता "म्हणायचे" म्हणत नाही. "सर म्हणतात" म्हणते.

आमच्या इमारतीच्या जिन्यात, बाजारातून येताना, गाडी लावून घराकडे चालताना... मागून येतं.

टक... टक.

"आले बघ," ती म्हणते आणि छान हसते. मागे बघत नाही. पुढे चालते, पूर्वीपेक्षा झपाझप. आधी ती रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायची. आता आवाज आला की निघते.

मागच्या आठवड्यात तिच्या कामावरचा मुकादम माझ्या दुकानात आला. चष्मा करायला म्हणून आला, पण मनात दुसरंच होतं. म्हणाला, "साहेब, मॅडमना जरा सांभाळा. परवा खोल खड्ड्याच्या तोंडाशी चालल्या होत्या. आम्ही ओरडतोय, ओरडतोय, त्यांचं लक्षच नाही. अगदी काठावर पोचल्यावर मी हाताला धरून ओढलं. तर म्हणाल्या, काळजी करू नका, मागे सर आहेत."

त्या संध्याकाळी मी ठरवलं, आज सांगायचं. तोंड उघडलंही. ती कॉफी ढवळत होती. म्हणाली, "तुला माहितीये, तू मला माझे सर परत दिलेस." मी तोंड मिटलं.

सांगू तरी काय? ते सर नाहीत म्हटलं, तर सर तिकडे एकटे हाका मारत गेले आणि कोणीतरी ठरवून आपल्याला लांब नेलं, हे तिला कळणार. तिने हाक ऐकली होती. हे कळल्यावर ती जगेल का, मला सांगता येत नाही. आणि नाही सांगितलं तर...

आता बॅचने ठरवलंय, सरांच्या आठवणीसाठी दरवर्षी त्या खाणीवर जायचं. उद्या पहिल्यांदा जाणार आहेत. सगळे येतायत. सरांच्या मुलीने मात्र कळवलंय, मी येणार नाही, तुम्हीही जाऊ नका. कारण लिहिलेलं नाही. लंबू म्हणाला, बिचारीला अजून त्रास होत असेल.

रांगेत सगळ्यात पुढे माझी बायको चालणार आहे. वाट तिने काढायची. वरचे कडे तिला पाठ आहेत, असं ती म्हणते. मला शेवटची जागा दिलीय. मान म्हणून.

संध्याकाळ झालीय. मी बाहेरच्या खोलीत बसून हे लिहितोय. ती आत बॅग भरतेय आणि कोणाशीतरी बोलतेय. मध्येच थांबते, उत्तराची वाट बघते...

मग मलाही इथे ऐकू येतं.

उठून आत जायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच आहे. सकाळपासून मी ते वाक्य मनात जुळवतोय. मुलगी दोनदा विचारून गेली, बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?

बरं आहे म्हणालो.

अजून खुर्चीतच बसलोय.